वनस्पतींमधली प्रतिकारयंत्रणेला चेतवणारी संयुगं: कुठली पेशी, कुठली वाट, किती मात्रा?

पर्णहरित

मध्य चिलीच्या कोरड्या डोंगरउतारांवर क्विलाजा सॅपोनारिया नावाचं सदाहरित झाड वाढतं. त्याची आतली साल पाण्यात घुसळली की भरपूर फेस येतो. तिथले मापुचे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या धुण्यासाठी वापरत आले आहेत. याच सालीतलं क्यूएस-२१ हे सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस आणणारं संयुग, आज नागिणीच्या, मलेरियाच्या आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या लशींमध्ये आहे. माणसाच्या प्रतिकारयंत्रणेला निःसंशय चेतवणाऱ्या वनस्पतीजन्य संयुगांची यादी करायला बसलो तर मी पहिलं नाव याचं लिहीन. तरीही 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पती' अशा लेखांमध्ये हे झाड जवळपास कधीच नसतं. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों घोड्यांना घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवत होते. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होतं त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी लशीत मुद्दाम टॅपिओका, अगार, पावाचा चुरा, सॅपोनिन असं काय काय मिसळून पाहिलं. १९२५ च्या सुमाराचं हे काम. लशीत असं सहायक द्रव्य, म्हणजे अ‍ॅडज्युवंट घालण्याची कल्पना तिथून रुजली. पुढे १९७४ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टियन डाल्सगार्ड यांनी क्विलाजाच्या सालीतून 'क्विल-ए' हा शुद्ध केलेला अंश काढला. १९९१ मध्ये शार्लट केन्सिल आणि सहकाऱ्यांनी क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्रानं, सालीतले घटक सुटे केले. त्याच्या आलेखातल्या एकविसाव्या शिखरावर जे मिळालं ते क्यूएस-२१. परिणाम भरपूर आणि विषारीपणा सोसण्याइतका, असा मेळ तिथे बसला.

आता ते काम कसं करतं ते पाहू, कारण या विषयात मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. सॅपोनिनच्या रेणूला एका बाजूला पाण्यात रमणाऱ्या शर्करा असतात आणि दुसऱ्या बाजूला मेदात शिरणारा ट्रायटर्पीनचा सांगाडा. हा सांगाडा पेशीपटलातल्या स्टेरॉल्सना, म्हणजे कोलेस्टेरॉलसारख्या मेदरेणूंना, जाऊन चिकटतो. वनस्पतींमध्ये सॅपोनिनांचा उपयोग बुरशीला रोखण्यासाठी होतो: बुरशीच्या पटलातल्या स्टेरॉलला धरून ते पटलाला भोकं पाडतात. रक्तात थेट मिसळलं तर आपल्या तांबड्या पेशीही याच कारणानं फुटतात. एएस०१ या अ‍ॅडज्युवंटमध्ये यावर सुरेख तोड काढली आहे. क्यूएस-२१ कोलेस्टेरॉल असलेल्या सूक्ष्म मेदगोळ्यांमध्ये, म्हणजे लिपोसोममध्ये, आधीच बांधून ठेवलं जातं. पेशी फोडण्याचा गुण दबतो आणि चेतवण्याचा शाबूत राहतो. स्नायूत टोचल्यावर ते लवकरच जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतं आणि तिथल्या कडेच्या भक्षकपेशींमध्ये कॅस्पेज-१ हे विकर जागं करतं. त्यांच्या इशाऱ्यावर काही तासांत इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप्या प्रथिन पाझरू लागतं, डेंड्रायटिक पेशी गोळा होतात आणि लशीतलं प्रतिजन, म्हणजे जंतूची ओळख पटवणारा अंश, टी पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशींना दाखवतात.

नागिणीच्या शिंग्रिक्स लशीच्या एका मात्रेत क्यूएस-२१ असतं ५० मायक्रोग्रॅम. जोडीला तेवढंच एमपीएल हे दुसरं चेतवणारं द्रव्य, जे साल्मोनेला जिवाणूपासून मिळवतात. पन्नाशीपुढच्या लोकांवरची मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात या लशीनं सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं. सत्तरीपुढच्या लोकांमध्येही ते ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं. साठीपुढच्यांवर तपासलेल्या आधीच्या जिवंत लशीचा आकडा ५१ टक्के होता. दोन लशी वेगळ्या आहेत, चाचण्याही वेगळ्या, तरी वयानं मंदावलेल्या प्रतिकारयंत्रणेकडून इतकं काम करून घेणं ही फार मोठी गोष्ट आहे.

माझं म्हणणं असं आहे. एखादं वनस्पतीजन्य संयुग प्रतिकारयंत्रणेला चेतवतं असं म्हणायचं असेल तर कुठली पेशी, कुठला ग्राही (पेशीवरचा इशारा ओळखणारा रेणू), शरीरात जाण्याची वाट कुठली आणि मात्रा किती, हे सांगावं लागतं. सालीतलं हे सॅपोनिन पेशी, वाट आणि मात्रा या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतं, आणि ग्राहीच्या जागी पटलातल्या स्टेरॉलला धरतं. बाकीच्या संयुगांबद्दल कुणाला काय माहीत आहे ते जरूर लिहा.

कोवळंऊन

अप्रतिम माहिती. दोन शंका आहेत. रिठ्याचा फेसही सॅपोनिनांचाच ना? मग रिठ्यापासून लशीसाठी असं द्रव्य का होत नाही? आणि ही क्विलाजाची साल नुसती पोटात घेतली तर प्रतिकारशक्तीला फायदा होईल का?

पर्णहरित

कोवळंऊन, दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देतो. क्विलाजाचा अर्क खाद्यपदार्थांमध्ये फेस टिकवण्यासाठी अधिकृतपणे वापरतात, त्याचा क्रमांक ई-९९९. जगभर कितीतरी लोक तो शीतपेयांमधून पितात आणि त्यांच्या टी पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही. सॅपोनिनं आतड्यातून रक्तात जवळपास शोषली जात नाहीत. वाट बदलली की तेच संयुग निरुपद्रवी फेस होऊन जातं.

रिठ्याचं म्हणाल तर फेस सगळ्याच सॅपोनिनांना येतो, पण चेतवण्याचा गुण रेणूच्या बारीक रचनेवर ठरतो. क्यूएस-२१ ला मेदाम्लाची एक साखळी जोडलेली असते. ती तोडली तर रोगट पेशी मारणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद जवळपास नाहीसा होतो. दुर्दैवानं ही साखळी पाण्यात हळूहळू आपोआपही तुटते. त्यामुळे हे द्रव्य टिकवणं हे लस बनवणाऱ्यांपुढचं जुनं दुखणं आहे.

गोठा_आणि_गाय

पशुवैद्यक आहे, म्हणून थोडी भर घालतो. माणसांच्या लशीत सॅपोनिन येण्याच्या कितीतरी आधीपासून ते जनावरांच्या लशींमध्ये आहे. डाल्सगार्ड यांचं क्विल-ए तर लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठीच काढलं होतं. अजूनही या रोगाच्या अनेक लशींमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जोडीला सॅपोनिन असतं.

ज्यांना 'नैसर्गिक' म्हणजे 'सौम्य' असं वाटतं त्यांनी सॅपोनिनवाली लस टोचलेली गाय दुसऱ्या दिवशी पाहावी. टोचल्या जागी गाठ येते, अंग तापतं, दूध थोडं उतरतं. दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं आणि लाळ्या-खुरकुतापुढे हा त्रास काहीच नाही, हे मी पशुपालकांना आवर्जून सांगतो. पण प्रतिकारयंत्रणा खरोखर जागी झाली की अंगाला ते कळतं. काहीच जाणवू न देता रोज प्रतिकारशक्ती वाढवत राहणाऱ्या गोळीबद्दल म्हणूनच मला शंका येते.

नीलमोहर

गुणसूत्रांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचं कामच एका वनस्पतीजन्य चेतकावर उभं आहे, त्याबद्दल लिहिते.

रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी विभाजन करत नाहीत आणि विभाजन चालू असल्याशिवाय गुणसूत्रं दिसत नाहीत. म्हणून रक्ताच्या नमुन्यात आम्ही पीएचए घालतो. फायटोहिमअ‍ॅग्लुटिनिन. ते येतं राजम्यातून. शरीराच्या तापमानाला साधारण ७२ तास ठेवलं की टी पेशी जोमानं वाढू लागतात. मग कोल्चिसिन घालून विभाजन अर्ध्यावर थांबवायचं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कोल्चिसिनही वनस्पतीचंच, कळलावीतही ते असतं.

हा गुण सापडला तो योगायोगानं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीटर नोवेल राजम्याचा अर्क तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढण्यासाठी वापरत होते. उरलेल्या पांढऱ्या पेशी विभाजित होताना दिसल्या आणि कारण शोधत ते अर्कापर्यंत पोचले. १९६० ची गोष्ट. त्याआधी परिपक्व लिम्फोसाइट ही पुढे काहीच न करणारी, आयुष्याच्या शेवटाला आलेली पेशी मानली जायची. ती योग्य इशारा मिळताच पुन्हा वाढू शकते हे दाखवलं एका शेंगवर्गीय बीच्या प्रथिनानं. इम्युनॉलॉजीची पुढची किती दारं यातून उघडली, विचार करून पाहा.

पण पीएचए पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करांना धरतं. टी पेशीच्या ग्राहीवरच्या शर्कराही त्यात आल्या. त्यामुळे अमुक जंतू ओळखणारी टी पेशी आणि तमुक ओळखणारी, असा भेद त्याला नसतो, सगळ्या एकदम उठतात. परीक्षानळीत हे सोयीचं आहे. शरीरात ही आगीशिवाय वाजलेली घंटा ठरेल, सारा गाव धावत सुटेल आणि विझवायला काही नसेल.

कच्चा किंवा अर्धकच्चा राजमा खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होतात ते याच प्रथिनामुळे, चार-पाच दाणेसुद्धा पुरतात. चांगलं उकळलं की प्रथिन मोडतं. मंद आचेवर, उकळी न येऊ देता शिजवलेला राजमा मात्र धोक्याचा.

कोवळंऊन

नीलमोहर, हे पहिल्यांदाच वाचलं. अशी आणखी बीजप्रथिनं आहेत का?

नीलमोहर

पुष्कळ. या गटाला लेक्टिन म्हणतात. जॅकबीनमधलं कॉनकॅनाव्हॅलिन-ए हेसुद्धा प्रयोगशाळांत टी पेशी चेतवायला वापरतात. सगळ्यांत जुना धागा एरंडाशी जातो: १८८८ मध्ये स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांतल्या रिसिननं तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात हे आपल्या प्रबंधात दाखवलं. नंतर पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये रिसिन आणि गुंजेतलं अ‍ॅब्रिन उंदरांना अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत दिलं. ते उंदीर एरवी जीव घेणारी मात्राही पचवू लागले. रिसिन सोसणाऱ्या उंदराला अ‍ॅब्रिन मात्र सोसेना. म्हणजे शरीर ओळखून, नेमकं त्याच विषाविरुद्ध तयार होत होतं. प्रतिकारशक्तीची ही नेमकेपणाची बाजू गुंज आणि एरंडाच्या बियांवर इतक्या स्वच्छ दिसली, हे मला फार आवडतं. (दोन्ही अतिशय जहाल विषं आहेत. बियांशी कुणीही प्रयोग करू नये.)

औदुंबर

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू निसटते आहे. तुम्ही सगळे शुद्ध केलेल्या एकेका रेणूबद्दल बोलता आहात. गुळवेल, शतावरी, अश्वगंधा या वनस्पती पूर्ण रूपात वापरल्या जातात आणि त्यांत अनेक घटक एकत्र काम करतात. गुळवेलीतली अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा भक्षकपेशींना आणि बी पेशींना चेतवते हे दाखवणारं संशोधन आहे. सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या एकिनेशिया या वनस्पतीतल्या अल्कामाइड संयुगांवरही भरपूर काम झालंय. चार प्रश्नांची उत्तरं अजून पूर्ण मिळाली नाहीत म्हणून एवढ्या दीर्घ अनुभवाला बाजूला सारणं मला पटत नाही.

सूक्ष्मवेध

औदुंबर, तुमच्या मुद्द्याला आदरपूर्वक उत्तर देतो. आमच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क भक्षकपेशींवर तपासले जातात. या क्षेत्रात एक मोठा खड्डा आहे आणि तो प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवा.

भक्षकपेशीला टीएलआर-४ हा ग्राही असतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कवचातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एंडोटॉक्सिन, ओळखणं हे त्याचं काम. हा ग्राही इतका संवेदनशील आहे की अगदी नॅनोग्रॅममधलं एंडोटॉक्सिनही त्याला पुरतं. आता वनस्पती काही निर्जंतुक नसते. मुळांवर, पानांवर आणि पेशींच्या मधल्या जागांतही जिवाणू राहतात. अर्क काढला की त्यांची कवचं अर्कात येतात. अर्क पेशींवर घातला, पेशी चेतल्या, आणि श्रेय वनस्पतीला गेलं!

२००८ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या गटानं हेच तपासलं. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या अर्कांतून जिवाणूंची लिपोप्रोटीनं विकरानं मोडली आणि लिपोपॉलिसॅकराइड पॉलिमिक्सिन-बी वापरून बांधून टाकलं. भक्षकपेशींना चेतवण्याचा बहुतेक गुण नाहीसा झाला. एकिनेशियाच्या वेगवेगळ्या मालात परिणाम इतका कमी-जास्त का येतो, याचंही मुख्य कारण त्यांना जिवाणूंच्या याच अंशांत सापडलं. त्यामुळे अमुक वनस्पतीनं परीक्षानळीत सायटोकाइन (प्रतिकारपेशींची निरोप्या प्रथिनं) वाढवले असा निबंध हाती आला की मी आधी एंडोटॉक्सिनची तपासणी केली आहे का ते शोधतो. ती नसेल तर पुढचे आलेख मी विचारात घेत नाही.

एकिनेशियाच्या अल्कामाइडांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती सीबी-२ या कॅनाबिनॉइड ग्राहीला धरतात, आणि हे जिवाणूंचं काम नाही. पण माणसांवरच्या चाचण्या? २००५ मध्ये ३९९ निरोगी स्वयंसेवकांना नाकातून सर्दीचा विषाणू देऊन एकिनेशियाच्या मुळांचे तीन अर्क तपासले गेले. संसर्गावर किंवा लक्षणांवर म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. २०१० मध्ये ७१९ जणांवर झालेल्या चाचणीत सर्दी साधारण अर्धा दिवस लवकर संपली, पण तो फरक योगायोगापासून वेगळा ओळखता येण्याइतका पक्का नव्हता.

औदुंबर

सूक्ष्मवेध, एंडोटॉक्सिनचा मुद्दा रास्त आहे, पण तो सगळ्यांना सरसकट लावू नका. गुळवेलीतली जी१-४ए ही बहुशर्करा भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासली गेली. टीएलआर-४ निकामी असलेल्या उंदरांवर तिचा परिणाम पाहिला आणि एंडोटॉक्सिनची शंकाही तपासली. म्हणजे कुठली पेशी, कुठला ग्राही, ही दोन उत्तरं तरी त्यात आहेत.

सूक्ष्मवेध

मान्य, ते काम काळजीपूर्वक केलेलं आहे आणि मी त्याला मोजतो. उरतात वाट आणि मात्रा. शुद्ध केलेली बहुशर्करा उंदराला टोचणं वेगळं आणि खोडाचा काढा पोटात जाणं वेगळं. बहुशर्करा पचत नाही आणि अखंड शोषलीही जात नाही. आतड्याच्या आवरणातल्या एम पेशी थोडे कण उचलून खालच्या प्रतिकारपेशींना देतात, बाकीचं आतड्यातले जिवाणू आंबवतात. या वाटेनं काही घडत असणं अशक्य नाही. पण ते माणसात मोजून दाखवायला हवं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर एकदम वाढला तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधल्या यकृताच्या इजेची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. चित्र स्वयंप्रतिकारी यकृतदाहासारखं होतं, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठल्यासारखं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. ज्यांच्यात आधीपासून स्वयंप्रतिकाराचा कल आहे त्यांच्यात चेतवणारं द्रव्य ही ठिणगी ठरत असावी, असा अंदाज त्यावरून बांधला गेला.

औदुंबर

त्यावर आक्षेपही घेतले गेले होते. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी, पण वेगळी जात गुळवेल म्हणून विकली जाते असा मुद्दा होता. माझ्या मते कुठल्याही वनस्पतीच्या बाटलीवर शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरला आणि जात कशी तपासली हे छापणं सक्तीचं हवं. निदान यावर तरी आपलं एकमत व्हावं.

सूक्ष्मवेध

पूर्ण एकमत. त्यात एंडोटॉक्सिनचा आकडाही जोडा.

मृण्मयी_द

हा धागा वाचून काळजी वाटायला लागली म्हणून विचारते. माझ्या मोठ्या बहिणीला ल्युपस आहे, मायकोफेनोलेट चालू आहे. कुणीतरी तिला 'इम्युनिटी'च्या कॅप्सूल दिल्या आहेत. सारखा खोकला-सर्दी होते म्हणून ती नेमानं घेते. बाटलीवर एकिनेशिया, अल्फाल्फा आणि गुळवेल लिहिलंय. चालेल का?

पर्णहरित

मृण्मयीताई, कॅप्सूल आजच थांबवायला सांगा आणि तिच्या संधिवाततज्ज्ञांना बाटली दाखवा. ल्युपसची गोळी मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नका.

ल्युपसमध्ये प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उठलेली असते आणि मायकोफेनोलेट तिला आवरून धरतं. अशा वेळी बाहेरून चेतवणं म्हणजे औषधाच्या उलट दिशेला ओढणं. जर्मनीतल्या वनौषधींचं मूल्यमापन करणाऱ्या 'कमिशन ई'नं स्वयंप्रतिकारी आजारांत एकिनेशिया घेऊ नये असं कधीच नोंदवलंय.

त्या बाटलीत मला सर्वांत जास्त खटकतो तो अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास. त्याच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनाव्हॅनिन हे अमिनो आम्ल असतं. ते आर्जिनिनसारखं दिसतं, म्हणून पेशी फसून त्याला प्रथिनांत बसवतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्फाल्फाचे मोड खाऊ घातलेल्या माकडांमध्ये ल्युपससारखी लक्षणं उद्भवली होती आणि संशयाची सुई कॅनाव्हॅनिनकडे गेली. ल्युपसच्या रुग्णांना अल्फाल्फा टाळायला सांगतात ते या आधारावर.

गोठा_आणि_गाय

मृण्मयीताई, पर्णहरित म्हणतात तसंच करा. सारखा खोकला हे मायकोफेनोलेटवर असलेल्या रुग्णात संसर्गाचं लक्षणही असू शकतं, तेव्हा तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

रानवाटा

दिशेचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं लिहितो. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कितीतरी संयुगांचं प्रयोगात दिसलेलं काम नेमकं उलटं आहे. ओल्या किराइतातलं अँड्रोग्राफोलाइड घ्या. दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. त्याच्या पी-५० या भागातल्या एका सिस्टीनला ते पक्कं चिकटतं आणि डीएनएवर बसूच देत नाही. २००४ मध्ये हे दाखवलं गेलं. हळदीतलं करक्युमिन, अश्वगंधेतलं विदाफेरिन-ए यांच्याबद्दलही परीक्षानळीत दिसतो तो दाह शमवण्याचाच गुण. करक्युमिन तर रक्तात पोचतंच फार कमी, शिवाय परीक्षानळीतल्या चाचण्यांना फसवण्यात ते कुप्रसिद्ध आहे. दाह शमवणं उपयोगाचं नाही असं मी म्हणत नाही, घसादुखीत रुग्णाला आराम त्यानंच पडेल. पण ते चेतवणं नव्हे.

चेतवणं आणि शमवणं यांच्या पलीकडे एक तिसरा प्रकारही आहे, प्रतिकारपेशींना टिकवून धरण्याचा. मला वाटतं पोटात जाणाऱ्या वनस्पतींचं खरं महत्त्व तिथे असावं. कोबी, ब्रोकोली यांच्यात ग्लुकोब्रासिसिन असतं, चिरताना-चावताना त्याचं इंडोल-३-कार्बिनॉल होतं. जठरातल्या आम्लात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जी संयुगं बनतात ती आतड्यातल्या एएचआर या ग्राहीला चालू करतात. २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या गटानं दाखवलं, की उंदरांच्या आहारातून अशी संयुगं काढून घेतली तर आतड्याच्या अस्तरात पहारा देणाऱ्या लिम्फोसाइट पेशी झपाट्यानं घटतात. आहारात इंडोल-३-कार्बिनॉल घातलं की त्या टिकून राहतात. काम उंदरांवरचं आहे हे खरं, पण पेशी, ग्राही आणि वाट तिन्ही कळलेली आहेत, आणि वाट चक्क तोंडाचीच आहे!

औदुंबर

रानवाटा, हे फार मोलाचं लिहिलंत. पूर्ण वनस्पती पोटातून काय करते याचा अभ्यास याच पद्धतीनं व्हायला हवा.

सप्तपर्णी

क्विलाजाबद्दल एक विचारायचं राहिलं. जगभराच्या लशींना पुरेल इतकी साल एका देशातल्या झाडांमधून काढायची म्हणजे ती झाडं संपणार नाहीत का?

पर्णहरित

सप्तपर्णी, ही चिंता खरी आहे. मलेरियाच्या दोन्ही लशी क्विलाजावरच उभ्या आहेत. आरटीएस,एस या पहिल्या लशीत एएस०१ असतं, जागतिक आरोग्य संघटनेनं ती ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलांसाठी शिफारस केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१ या दुसऱ्या लशीला हिरवा कंदील मिळाला, तिच्यातलं मॅट्रिक्स-एम हे अ‍ॅडज्युवंट म्हणजे याच झाडाच्या सॅपोनिनांचे कण. मागणी वाढतच जाणार.

आशेची बाजू अशी, की झाड हा रेणू कसा घडवतं ते आता उलगडलं आहे. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या अ‍ॅन ऑसबर्न यांच्या गटानं त्यातली जनुकं शोधून तंबाखूच्या नात्यातल्या एका रोपात ती साखळी चालवून दाखवली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जे कीसलिंग यांच्या गटानं यीस्टमध्ये संपूर्ण क्यूएस-२१ घडवलं. त्यासाठी सहा सजीवांमधली ३८ विकरं एका पेशीत नांदवावी लागली. मिळालेलं प्रमाण अजून फारच थोडं आहे, त्यामुळे सालीची जागा यीस्ट लगेच घेणार नाही. पण एकदा वाट सापडल्यावर रेणूत हवे ते बदल करून, कमी त्रासाची आणि जास्त टिकणारी रूपं शोधता येतात. मला त्याचं जास्त अप्रूप आहे.

झाडावर अवलंबून नसलेला आणखी एक मार्ग म्हणजे इन्युलिन, चिकोरी आणि डेलियाच्या मुळा-कंदांत साठणारी साधी बहुशर्करा. पोटात गेली तर तंतू म्हणून निघून जाते. पण तिचे विशिष्ट स्फटिककण टोचले की चेतवतात. ऑस्ट्रेलियात निकोलाय पेत्रोव्स्की यांनी त्यावर अ‍ॅडव्हॅक्स हे अ‍ॅडज्युवंट उभं केलं आणि ते इराणमध्ये वापरलेल्या स्पायकोजेन या कोविड लशीत आहे.

मृण्मयी_द

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईनं कॅप्सूल बंद केल्या. तज्ज्ञांनी छातीचा एक्स-रे आणि यकृताच्या तपासण्या केल्या, सुदैवानं सगळं ठीक आहे. त्यांनी तिला नागिणीची लस घ्यायला सुचवलंय. पण ती तर तुमच्या त्या सालीवालीच ना? चेतवणारं काही नको म्हणालात आणि आता हीच लस चालते, हे कसं? ती घाबरली आहे.

पर्णहरित

मृण्मयीताई, शंका अगदी योग्य आहे. मायकोफेनोलेटसारख्या औषधांवर असताना नागीण होण्याचा धोका बराच वाढतो आणि ती जोराची होते. जिवंत विषाणूची जुनी लस अशा रुग्णांना देता येत नव्हती. या लशीत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे. सालीतलं सॅपोनिन एका स्नायूत, मायक्रोग्रॅममध्ये, दोनच वेळा जातं आणि त्या बाजूच्या लसिकाग्रंथीत काही दिवस काम करून संपतं. त्यानं उठवलेल्या पेशींपुढे त्या वेळी नागिणीचं प्रथिन ठेवलेलं असतं. रोज गिळायच्या, कशाला चेतवणार हे माहीत नसलेल्या कॅप्सूलशी त्याची तुलना होत नाही. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये ही लस प्रतिकारशक्ती दबलेल्या १८ वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी मंजूर झाली. तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शिकेत अशी औषधं घेणाऱ्यांना तिची ठाम शिफारस केली आहे.

दोन मात्रा असतात. एरवी त्यांच्यात दोन ते सहा महिन्यांचं अंतर ठेवतात, ताईंसारख्यांना एक ते दोन महिन्यांनीही दुसरी देता येते. गोठा_आणि_गाय यांनी गायीबद्दल लिहिलं तसंच माणसाचंही होतं: दंड दुखतो, अंग मोडून येतं, ताप-हुडहुडी येऊ शकते. मोठ्या चाचणीत लस घेणाऱ्या १७ टक्के लोकांना रोजची कामं अडावीत इतका त्रास झाला होता, पण तो थोड्याच दिवसांत ओसरला. मात्रेच्या दुसऱ्या दिवशी कामाचं काही ठेवू नका. ल्युपस शांत असताना लस घेतलेली बरी, तेव्हा तारीख तिच्या तज्ज्ञांनाच ठरवू द्या.

मृण्मयी_द

हे सगळं तिला वाचून दाखवलं. पुढच्या भेटीत तारीख विचारणार आहे. पहिली मात्रा झाली की इथे लिहीन.